शेवटच्या खोलीतली बाई

ह्या सदरातले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय. आणि खरं सांगू? वाचता वाचता मनातल्या मनात लिहिणाऱ्याशी भांडते. ह्याने नीट बघितलंच नसेल, हिला ताप असेल, दिवा गेला असेल… माझा स्वभावच तसा. आमच्या घरात अंगारे-धुपारे नव्हते, दृष्ट काढणं नव्हतं. बाबा साताऱ्याकडून मुंबईला आले, रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर झाले. बुद्धाच्या तसबिरीखाली आम्हा भावंडांना बसवून त्यांनी एकच गोष्ट शिकवली — कोणी काहीही सांगितलं तरी आधी विचारायचं, कशावरून? घाटकोपरच्या आमच्या वसाहतीत कुणाच्या अंगात आलं की सगळे बघायला धावायचे आणि बाबा आम्हाला गणितं घालायचे.

तर अशा घरातली मी. तरीही हे लिहितेय. कारण जे झालं ते झालं, आणि "कशावरून" ह्या प्रश्नाचं माझ्याकडे आजपर्यंत उत्तर नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. सिव्हिल करून मी पावसाच्या पाण्याचा निचरा बघणाऱ्या सरकारी खात्यात ज्युनिअर इंजिनियर म्हणून लागले होते. खात्याचं नाव सांगत नाही, माणसांची नावंही बदललीत. नाले, गटारं, रस्त्याखालच्या मोऱ्या, खाडीच्या तोंडाशी साचणारा गाळ — हे आमचं काम. माझ्याकडे अंधेरी-जोगेश्वरीचा पट्टा. ऑफिस अंधेरीला, बैठं, पत्र्याचं. मागच्या अंगणात मॅनहोलची लोखंडी झाकणं रचून ठेवलेली असायची. साइटवर बाई इंजिनियर म्हणजे तेव्हा लोकांना गंमत. साडी खोचून, गमबूट घालून नाल्यात उतरले की पलीकडून शिट्ट्या यायच्या. मला त्याचं काही वाटत नसे. पाणी उताराकडेच जातं, त्याला कुणाचा वशिला चालत नाही — ह्या कामातली ही गोष्ट मला फार आवडायची.

मे महिना होता. भर दुपार. पत्रा असा तापलेला की टेबलाला हात लावला तरी चटका बसावा. शिपाई शिंदे दारातल्या स्टुलावर पेंगत होता. मी नालेसफाईचे नकाशे बघत बसले होते. तेवढ्यात शिंदेचा आवाज आला — "ओ बाई, अशा ओल्या कुठे आत चाललात? पाय तरी पुसा!"

मी वर बघितलं. एक बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली होती. पंचविशीची असेल. सावळी, काटक. डाव्या भुवईतून आरपार गेलेली जुन्या जखमेची खूण. आणि कमरेपर्यंत चिंब ओली. साडीच्या काठाला काळा गाळ लागलेला… तो गाळ मी ओळखते, नाल्याचाच. वासही तोच.

"तुम्हीच का नाल्याच्या मॅडम?"

"हो. काय झालं?"

"काय झालं म्हणून काय विचारता? घरात पाणी भरलंय आमच्या! भांडी तरंगतायत. पाळण्याला पाणी लागलं, आणि तुम्ही इथे पंख्याखाली बसलात?"

बोलण्यात मालवणी हेल होता. आवाज चढलेला. मला वाटलं, कुठेतरी मोठी पाइपलाइन फुटली. मे महिन्यात दुसरं काय असणार?

"कुठे राहता तुम्ही?"

"जोगेश्वरी. भंडारी गल्ली. एकदम शेवटची खोली."

"तुम्ही बसा. मी मुकादमांना बोलावते, लगेच निघू." मी उठून मागच्या अंगणात गेले. गावडे मुकादम झाकणं मोजत होते. त्यांना घेऊन परत आले तर बाई नव्हती. शिंदे म्हणाला, "गेली वाटतं. मी जरा डोळा मिटला होता." फरशीवर पाणी सांडलेलं होतं, गाळाचे ठसे होते. म्हणजे मला भास झाला, असं कोणी म्हणत असेल तर सांगते — शिंदेने तिला बघितली होती, आणि ती फरशी त्यानेच पुसली. कुरकुरत.

आम्ही जीपने भंडारी गल्लीत पोचलो. एका बाजूला चाळीच्या बैठ्या खोल्या, दुसऱ्या बाजूला नाल्याचा कठडा. बहुतेक घरं कोकणातली, गिरण्या बंद पडल्यावर कोणी वॉचमन झालेलं, कोणी भाजीची गाडी लावलेली. गल्ली कोरडी ठणठणीत. धूळ उडत होती. नाल्यात घोट्याएवढंही पाणी नव्हतं.

शेवटच्या खोलीला कुलूप होतं. शेजारच्या ओट्यावर बनियनवर बसलेले परबकाका — चाळीत सगळ्यात जुने — म्हणाले, "त्या खोलीत कोण राहतंय? ती माझीच आहे. लाकडं भरून ठेवलीत."

"भुवईवर खूण असलेली एक बाई…"

"नाही हो मॅडम. अख्ख्या चाळीत अशी कोण नाही."

गावडे मुकादमांनी परतताना जीपमध्ये हळूच म्हटलं, "मॅडम, ह्या काय बरा दिसना नाय." मी म्हटलं, "गावडे, कोणीतरी पत्ता चुकीचा सांगितला. बस्स." आणि माझी तशी खात्रीच होती.

काही दिवसांनी ती परत आली. पुन्हा दुपारीच. शिंदे चहा आणायला गेला होता. मी मान वर केली तर समोर ती. तशीच ओली. ह्या वेळी जास्त चिडलेली.

"आलात खऱ्या, पण बघितलंत काय? नाल्यात डोकावलात आणि गेलात."

माझ्या अंगावर काटा आला हे कबूल करते. तिला कसं कळलं मी गेले होते ते? पण लगेच वाटलं, चाळीत कुणीतरी सांगितलं असेल. मी शांतपणे विचारलं, "बाई, तिथे पाणी नाहीये. तुमची खोली कुठली ते नीट सांगा."

"शेवटची! किती वेळा सांगू? नाल्यातून येत नाही पाणी. मागून येतं, चाळीच्या पाठच्या अंगाने. खय जाऊ मी पोर घेऊन?"

"थांबा, मी लिहून घेते. नाव काय तुमचं?"

मी पेन उचललं, कागद ओढला, वर बघितलं — कोणी नाही. दार उघडं, बाहेर ऊन. मी धावत फाटकापर्यंत गेले. रस्त्यावर एक रिक्षा आणि एक कुत्रा.

दुसरी एखादी असती तर तिने नारळ फोडला असता. मला राग आला. कोणीतरी माझी चेष्टा करतंय असं वाटलं, आणि चेष्टा करणाऱ्याला पकडायचं असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जमिनीचा चढउतार मोजायचं लेव्हलचं यंत्र घेऊन मी गावडेंच्या गँगबरोबर भंडारी गल्लीत गेले. ह्या वेळी चाळीच्या मागे.

मागे पूर्वी सगळं खाजण होतं — भरतीला पाणी पसरायचं, ओहोटीला चिखल. आमचा नाला गल्लीच्या टोकाला वळून त्या खाजणातून खाडीला मिळायचा. नकाशात अजून तसंच होतं. प्रत्यक्षात? खाजणावर डबराचा भराव पडला होता. गोडाऊनसाठी कुणा शेठने जागा घेतली होती, आणि नाल्याच्या तोंडावर आडवी, चांगली पुरुषभर उंच दगडी भिंत उभी होती. नवी कोरी. नाला जाण्यासाठी भिंतीच्या पायात दोन सिमेंटचे पाइप टाकलेले. त्यातला एक आत्ताच अर्धा बुजलेला.

मी लेव्हल लावली. पुन्हा लावली. गावडे पट्टी धरून उन्हात उभे. हिशोब सरळ होता. मोठा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की ते पाइप खाडीच्या पाण्याखाली जाणार. नाल्याचं पाणी भिंतीला थटणार, मागे फिरणार आणि चाळीच्या पाठच्या अंगाने वर चढणार. गल्लीत सगळ्यात सखल जागा कुठली? शेवटची खोली.

मी तिथेच उन्हात खाली बसले. गावडेंनी पाणी आणून दिलं.

माझे साहेब सबनीस. डेप्युटी इंजिनियर. माणूस वाईट नव्हता, पण रिटायरमेंट जवळ आली होती आणि कसलंही लफडं नको होतं. मी सगळं मांडलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"जाधव, भिंत आहे हे बरोबर. पण ती खाजगी जागेत आहे. शेठची माणसं वरपर्यंत आहेत. पुढच्या वर्षीच्या कामात घेऊ ना आपण."

"पुढच्या वर्षी? साहेब, पावसाळा आता येईल."

"आजवर भरलंय का पाणी तिथे?"

"आजवर भिंत नव्हती."

"मग तक्रार कोणाची आहे?"

इथे मी अडले. काय सांगणार होते?

त्याच दुपारी ती तिसऱ्यांदा आली. ह्या वेळी आवाज नव्हता. खुर्चीत बसूनच होती, मी बाथरूमहून आले तेव्हा. केस चेहऱ्याला चिकटलेले. हात मांडीवर. माझ्याकडे बघून म्हणाली, "भिंत अजून आहे."

मला भीती वाटली का? वाटली. पण ती बाई इतकी दमलेली दिसत होती की भीतीपेक्षा जास्त काहीतरी वाटलं. मी म्हटलं, "मी प्रयत्न करतेय. खरंच करतेय." आणि मग विचारलं, "तुमचं मूल कुठाय?"

ह्यावर तिने उत्तर दिलं नाही. फक्त बघत राहिली.

मी केबिनच्या दाराकडे धावले. "साहेब, या, तक्रार करणारी बाई आलीय, तुम्हीच बोला!" सबनीस चष्मा लावत बाहेर आले. खुर्ची रिकामी. बसायच्या जागेवर पाणी, खाली टप टप थेंब पडत होते.

"माठ सांडला वाटतं," साहेब म्हणाले, आणि परत आत गेले.

जून लागला. नालेसफाईची शेवटची फेरी म्हणून मी भंडारी गल्लीत गेले, तर शेवटच्या खोलीचं दार उघडं. आतली लाकडं काढलेली, चुना मारलेला. दोरीवर कपडे. परबकाका म्हणाले, "माझा पुतण्या गावाहून आलाय बायकोला घेऊन. म्हटलं राहा. पोरगा कामाला लागलाय बिस्किटाच्या फॅक्टरीत."

आतून एक बाई बादली घेऊन बाहेर आली. पोटुशी, दिवस भरत आलेले. सावळी, काटक.

डाव्या भुवईतून गेलेली जखमेची खूण.

माझ्या हातातली छत्री खाली पडली. तिने बादली ठेवली, वाकता येत नव्हतं तरी वाकून छत्री उचलून दिली. "काय ओ, बरं वाटत नाही का? बसा जरा."

"तुम्ही… माझ्या ऑफिसात आला होतात. अंधेरीला."

"मी?" ती हसली. "मी गेल्या आठवड्यात बोटीसारखी डुलत एसटीने आलेय देवगडहून. अंधेरी खय असता, माका काय ठाऊक?"

"तुमची एखादी बहीण? तुमच्यासारखी दिसणारी?"

"दोन बहिणी आहेत. दोघी गोऱ्या. मीच एकटी अशी," असं म्हणत तिने भुवईला बोट लावलं. "हे लहानपणी विहिरीच्या रहाटावर आपटले होते ना. कोणाशी गल्लत झाली वाटतं तुमची."

आवाज तोच. हेल तोच. नाव सुनंदा.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी जेवले नाही. बाबांनी विचारलं तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, हसतील, नाहीतर डॉक्टरकडे नेतील. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ती बाई कुठून आली, तुला ठाऊक नाही. मलाही नाही. ते बाजूला ठेव. भिंत आहे ना?"

"आहे."

"मोजलीस ना तू?"

"दोनदा."

"मग भिंतीचं बोल. भिंतीला कशावरून म्हणून कोणी विचारलं तर तुझ्याकडे उत्तर आहे."

त्या दिवसापासून मी भिंतीचंच बोलले. सबनीस साहेबांशी, त्यांच्या वरच्या साहेबांशी. हेड ऑफिसात एक्झिक्युटिव्ह इंजिनियरच्या दाराबाहेर जाऊन बसायचे. त्यांचा पीए म्हणायचा, आज नाही. मी म्हणायचे, मग उद्या. भंडारी गल्लीतल्या बायकांना मी चाळीच्या मागे नेऊन लेव्हल दाखवली — पाणी इथून येणार, इथपर्यंत चढणार. सुनंदा सगळ्यात पुढे. नववा महिना लागलेली बाई, आणि अंगणात उभं राहून बाकीच्यांना म्हणते, "मॅडम एकट्या किती भांडतील? चला की आपण!" दुसऱ्या दिवशी चाळीतल्या सगळ्या बायका हेड ऑफिसच्या जिन्यावर. तिला घरीच राहा म्हणून बजावलं होतं. आली ती आलीच. मोठ्या साहेबांना म्हणाली, "तुमच्या घराच्या पाठी घाला भिंत आणि मग बघा."

नोटीस निघाली. पण नोटिशीला मुदत असते, आणि शेठने मुदत वाढवून मागितली. "मुदत संपेपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही," सबनीस साहेबांनी मला दोनदा ऐकवलं. तोवर सुनंदाला मुलगी झाली. मी बघायला गेले. काळ्याभोर केसांची, मुठी आवळलेली. पाळणा खोलीच्या मागच्या भिंतीला लागून ठेवला होता. मी म्हटलं, "पाळणा पुढे घ्या, दाराकडे." का म्हणून तिने विचारलं नाही. घेतला.

जुलैच्या मध्यावर तो दिवस आला. आदल्या रात्रीपासून पाऊस, सकाळी तर समोरचं दिसेना. ऑफिसच्या भिंतीवर भरतीचं वेळापत्रक लावलेलं असायचं. मोठी भरती, दुपारच्या सुमाराला. मी गावडेंना म्हटलं, "पहारी, घण, दोर, सगळं घ्या. गँग घ्या."

"साहेबांची ऑर्डर?"

"ऑर्डर माझी."

गावडेंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग विडी फेकली. "मरांदे ती नोकरी. चला."

भंडारी गल्लीत पोचलो तेव्हा नाला काठोकाठ होता, आणि चाळीच्या मागे पाणी वर चढत होतं. अगदी मी लेव्हलने काढलं होतं तसंच, भिंतीला थटून मागे फिरलेलं. पुरुष माणसं कामावर, बायका सामान माळ्यावर टाकत होत्या. परबकाका गुडघाभर पाण्यात काठी घेऊन उभे.

भिंतीपाशी शेठचा वॉचमन छत्री धरून आडवा आला. "मेमसाब, हाथ मत लगाना। सेठ को फोन करना पड़ेगा।"

"करो. तोपर्यंत बाजूला व्हा."

तेवढ्यात आमची दुसरी जीप. सबनीस साहेब उतरले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. "जाधव! वेड लागलंय का? मुदत संपली नाहीये. आणि आत्ता भरती आहे. भिंत फोडलीस तर खाडी आत येईल!"

हा मुद्दा खरा होता. मीही रात्रभर तोच विचार केला होता. मी गावडेंच्या खांद्यावर हात टेकून डबराच्या ढिगावर चढले आणि भिंतीपलीकडे डोकावले. पलीकडे खाडी फुगलेली, करडी. पण तिचं पाणी भिंतीवर जिथे लागत होतं, त्यापेक्षा आमच्या बाजूचं पाणी चांगलं हातभर वर होतं.

"साहेब, वर या. स्वतः बघा. आतलं पाणी वर आहे. फोडली की बाहेरच जाणार."

ते आले नाहीत वर. खाली उभं राहून त्यांनी भिंतीकडे बघितलं, चाळीकडे बघितलं. एक बाई डोक्यावर गादी घेऊन चालली होती. साहेबांनी चष्म्यावरचं पाणी पुसलं.

"मी इथे आलोच नव्हतो," ते म्हणाले, आणि जीपमध्ये जाऊन बसले. वॉचमनलाही हाक मारून आत बसवून घेतलं. एवढं त्यांनी केलं, हे मी आयुष्यभर विसरणार नाही.

भिंत समोरून फोडणं म्हणजे मरण. मागे पाण्याचा दाब होता, एकदा तोंड फुटलं की माणूस वाहून जाणार. मी गँगला दोन टोकांना उभं केलं, कमरेला दोर बांधून, आणि वरून एक एक थर उतरवायला लावला. घण बसायचा, दगड हलायचा नाही. पुन्हा घण. पावसात हात सटकत होते. गावडे मालवणीत भिंतीला, शेठला, पावसाला, सगळ्यांना शिव्या घालत होते. चाळीतल्या बायका आल्या, निघालेले दगड ओढून बाजूला करू लागल्या. मीही पहार घेतली. तळहाताची सालं निघाली ते नंतर कळलं.

वरचे थर उतरले आणि पाणी भिंतीवरून पलीकडे सांडायला लागलं. मग एकाएकी मधला भाग हलला. "सोडा! मागे व्हा!" मी ओरडले. माणसं दोर धरून मागे ओढली गेली, आणि दगडांचा तो पट्टा पोटातून फाटल्यासारखा पलीकडे कोसळला. आवाज असा की कान बसले. पाणी गेलं… नुसतं गेलं. कचरा, फळ्या, कोणाचं तरी स्टूल, सगळं घेऊन खाडीत.

मी वळून धावत सुटले. गल्लीतलं पाणी माझ्या पायांमधून उलट्या दिशेने ओढलं जात होतं. शेवटच्या खोलीच्या पायरीवर सुनंदा उभी होती. मुलगी खांद्याला. पाणी पायरीला लागलेलं, उंबऱ्याच्या खाली. आत जमीन कोरडी होती.

मला बघितलं आणि ती कडाडली, "काय ओ मॅडम! घरात पाणी शिरायला आलं, आणि तुम्ही इतका वेळ होतात खय?"

मी पायरीवर बसले आणि हसत सुटले. मग रडले. तिला काही कळेना. तिने मुलगी माझ्या मांडीवर दिली आणि चहा टाकायला आत गेली.

पुढे चौकशी झाली. मुदतीआधी बांधकाम पाडलं म्हणून मला मेमो, आणि बदली मुलुंडच्या स्टोअरला. वर्षभर मी झाकणं आणि पाइप मोजले. गावडेंनी चौकशीत सांगितलं की भिंत आपोआप पडली. शेठने भिंत परत बांधली नाही. मोठ्या साहेबांनी त्या वर्षी नाल्याचं तोंड रुंद करून घेतलं. मी परत साइटवर आले, पुढे बढतीही झाली.

ती ओली बाई त्यानंतर कधी आली नाही.

मी पुष्कळ विचार केला. माझा भास म्हणावं तर शिंदेने तिला बघितली होती. सुनंदाच आली म्हणावं तर ती तेव्हा देवगडला होती, गावातली माणसं साक्षीला आहेत. भूत म्हणावं तर सुनंदा मेलेली नाही, धडधाकट आहे. आणि ज्या पाण्याने ती बाई भिजली होती, ते पाणी तर घरात शिरलंच नाही. मग ती आली कुठून? बाबा शेवटपर्यंत म्हणत होते, "ठाऊक नाही असं म्हणायला लाजू नये." म्हणून म्हणते, ठाऊक नाही.

सुनंदाला मी कित्येक वर्षं काही बोलले नव्हते. तिची मुलगी शिकली, नोकरीला लागली, लग्न ठरलं. पत्रिका द्यायला सुनंदा माझ्याकडे आली तेव्हा मी रिटायर झाले होते. दोघीच होतो. मी सगळं सांगितलं. ऑफिस, शिंदे, ओली खुर्ची. मूल कुठाय म्हणून विचारल्यावर ती गप्प राहिली होती, तेवढं मात्र गाळलं.

सुनंदा ऐकत होती. तिने कुठेही "काहीतरीच काय" असं म्हटलं नाही. शेवटी विचारलं, "मी रडत होते?"

"नाही गं. भांडत होतीस माझ्याशी."

तिने मग पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली,

"मग मीच असणार."